पुठ्ठ्याच्या भिंती, खरा बँड: जुन्या स्वस्त गुन्हेपटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

वाडिया मूव्हिटोनचा ‘मिस फ्रंटियर मेल’ १९३६ सालचा. स्टेशनमास्तर बापावर खुनाचा आळ येतो, लेक तो पुसायला निघते आणि मुखवट्याआडून ‘सिग्नल एक्स’ नावाचा सूत्रधार रेल्वेविरुद्ध कट शिजवत राहतो. आगगाडीचं नाव खराब झालं की विमानाचा धंदा चालेल, असा त्याचा हिशेब. लेकीच्या भूमिकेत नादिया आहे. धावत्या गाडीच्या टपावर ती मारामारी करते आणि ती खरोखरच टपावर उभी आहे, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. संवाद मात्र तिच्या तोंडात अडखळतात. मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. हिंदी तिच्या जिभेवर पाहुण्यासारखी वावरते.

या विषयात नव्यानं शिरणाऱ्याला मी आधी हा चित्रपट दाखवतो. पहिल्या दहा मिनिटांत लोक हसतात. उच्चारांना हसतात, डोळे वटारणाऱ्या खलनायकाला हसतात, कॅमेऱ्याकडे चोरून बघणाऱ्या गर्दीतल्या माणसाला हसतात. मग नादिया टपावर चढते आणि खोलीत शांतता होते. हसू आणि शांतता एकाच चित्रपटातून, एकाच बाईकडून येतात, आणि तेही एकाच कारणामुळे. पैसा कमी, वेळ कमी, म्हणून संवाद पुन्हा घेतला गेला नाही. पैसा कमी, वेळ कमी, म्हणून टपावर बाहुली किंवा बदली माणूस न चढवता खुद्द नायिका चढली. पुढच्या पानांवरचे लेख या एका गोष्टीभोवती फिरतात. जुन्या स्वस्त गुन्हेपटांतला दोष आणि त्यांतली मोहिनी वेगळी काढता येत नाही. ज्याला मोहिनी हवी त्यानं दोषाकडे नीट बघायला शिकलं पाहिजे.

आधी हद्द सांगतो. मूकपटांच्या अखेरीपासून साधारण १९७०च्या दशकापर्यंत मुंबईत थोड्या पैशात, थोड्या दिवसांत निघालेले स्टंटपट, रहस्यपट, जासूसपट आपण विचारात घेणार आहोत. काही मराठी, बहुतेक हिंदी. खून, चोरी, वारसाहक्कासाठी केलेला दगा, भेदी बंगला, तळघर, खोटी दाढी हा त्यांचा नेहमीचा ऐवज. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज यांच्या इतिहासात त्यांना जागा मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून मी भांडणार नाही. ‘कुंकू’ किंवा ‘माणूस’ यांच्या पंक्तीला हे चित्रपट बसवायचा आग्रह कोणी धरू नये. पण गिरणीची पाळी संपवून पिटात बसणाऱ्या हजारो माणसांनी आपल्या घामाचे आणे ज्यावर खर्च केले, त्या चित्रपटांचा अभ्यास नसेल तर आपला सिनेमाचा इतिहास म्हणजे केवळ बाल्कनीचा इतिहास होतो.

हा विषय रत्नागिरीत बसून मांडण्याचं कारण इथंच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत बाहेरून आलेल्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्याचे लोक सगळ्यांत जास्त होते, आणि तेव्हा जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरून. गावची शेती पोटाला पुरायची नाही. घर चालायचं ते लालबाग-परळहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर. वाडिया मूव्हिटोनचा स्टुडिओही त्याच गिरणगावात होता. व्ही. शांतारामांनी पुढे ‘राजकमल’ उभारलं ते परळच्या त्याच जागेत. म्हणजे नादिया जिथं झुंबराला लटकत होती तिथून गिरणीचा भोंगा ऐकू जात असणार. चित्रपट बनवणारी जागा आणि तो बघणारा माणूस यांच्यात एवढं थोडं अंतर आपल्या सिनेमात फार क्वचित राहिलं. मग गणपतीला, शिमग्याला चाकरमानी गावी आला की ओटीवर बसून त्या चित्रपटाची गोष्ट सांगायचा. आमच्याकडच्या कित्येक वाड्यांमध्ये सिनेमा डोळ्यांआधी कानांनी पोचला. सांगणाऱ्यानं कुठं काय वाढवलं, काय गाळलं, हा अभ्यासाचा स्वतंत्र भाग आहे आणि त्याला अजून कोणी हात घातलेला नाही.

आता दोषांकडे वळू, कारण नवख्या अभ्यासकाची खरी कसोटी तिथं लागते.

या चित्रपटांतली रात्र बघा. रात्रीचं चित्रीकरण म्हणजे दिव्यांचा खर्च, जनरेटर, जागरण, माणसांना दुप्पट मजुरी. त्यावर उपाय म्हणजे दिवसाच चित्रण करायचं, भिंगावर फिल्टर लावायचा, प्रकाश मुद्दाम कमी घ्यायचा आणि ती रात्र म्हणून खपवायची. पडद्यावर चोर दबकत चाललेला असतो, हातात कंदील असतो, आणि त्याच्या पायाशी भर दुपारची काळीकुळकुळीत, आखूड सावली असते. सावली आखूड म्हणजे सूर्य डोक्यावर. एवढ्यावरून कळतं की दिग्दर्शकानं दुपारी बाराच्या सुमारासही काम थांबवलं नव्हतं. जेवणाची सुट्टीसुद्धा उशिरा झाली असावी. त्या एका सावलीत चित्रपटाचा पूर्ण दिवस आपल्याला वाचता येतो. तिला चूक म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मग त्या दिवसाबद्दल आपल्याला काहीच कळत नाही.

किंवा लांबी घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई झाली. सरकारनं परवाना पद्धत आणली आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली. बोलपटाच्या वेगानं मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, म्हणजे दोन तास आणि वर एक-दोन मिनिटं. मोठ्या निर्मात्याला ही अडचण वाटली. स्वस्त चित्रपटवाल्याला तेवढीही फिल्म सहज मिळत नव्हती, त्यामुळे एक प्रसंग एकदाच घ्यायचा हा नियमच झाला. नटाचा पाय अडखळला तरी तो तसाच पुढे चालतो. टेबलावरचा पेला पडतो आणि कोणी उचलत नाही. माझ्या मते त्या काळच्या अभिनयाची सर्वांत प्रामाणिक छायाचित्रं अशा प्रसंगांत सापडतात, कारण तिथं नटाला स्वतःला सावरायला अवसर मिळालेला नाही.

दोष म्हणजे काय, हे बघणाऱ्याच्या नजरेवरही ठरतं. याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एडगर उल्मर या दिग्दर्शकाचा ‘डीटूर’ हा १९४५चा गुन्हेपट पीआरसी नावाच्या अगदी गरीब कंपनीनं काढला. सेट बांधायला पैसे नव्हते, म्हणून न्यू यॉर्कच्या रस्त्यावर नुसतं धुकं सोडलं. धुक्यात एक दिवा, एक पाटी, बाकी शहर प्रेक्षकानं मनात उभं करायचं. नायक वाटेत भेटेल त्या मोटारीत बसून देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला निघतो. तो सतत पश्चिमेकडे जातोय असं दिसावं म्हणून काही तुकड्यांची निगेटिव्ह उलटी करून वापरली गेली. परिणाम असा झाला की अमेरिकेतल्या मोटारींचं स्टिअरिंग अचानक उजव्या बाजूला आलं. तिकडच्या लेखांत ही चूक हमखास सांगितली जाते. पण हा तुकडा रत्नागिरीत दाखवून बघा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडेच असतं. कोणालाही काही वावगं दिसत नाही. त्याच ‘डीटूर’ला १९९२ साली अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे राष्ट्रानं जपून ठेवायच्या चित्रपटांत जागा मिळाली. उल्मरच्या धुक्याला तिकडच्या अभ्यासकांनी शैली म्हटलं. आपल्या दिग्दर्शकांच्या दुपारच्या रात्रीला आपण अजून गबाळेपणा म्हणतो.

आता गिरणगावातल्या पिटात बसलेल्या कोकणी माणसाची नजर घेऊन बघा. या चित्रपटांवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की खलनायक पहिल्या प्रवेशातच ओळखू येतो. भुवया, मिशी, सिगारेट धरायची तऱ्हा, मागून येणारं संगीत, सगळं ओरडून सांगतं की हाच तो. मग रहस्य उरलं कुठं? हा आक्षेप घेणाऱ्यानं कोकणातले नमन-खेळे पाहिलेले नसतात. संगमेश्वर, लांजा, राजापूरकडचा माणूस लहानपणापासून नमनातला संकासुर बघत आलेला असतो. काळा वेष, लांब टोपी, पांढरी दाढी. तो आला की पोरं किंचाळतात, मोठी माणसं सरसावून बसतात. संकासुर कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. आता हा काय करणार आणि कसा हरणार, यासाठी रात्र जागवली जाते. अशा प्रेक्षकाला चित्रपटातला खलनायक लगेच ओळखू येणं ही सोय होती. त्याला तर्काचं कोडं सोडवायचं नव्हतं. सिग्नल एक्सचा मुखवटा कधी ओढला जातो, तो क्षण त्याला हवा होता. इंग्रजी हेरकथेची मोजपट्टी लावून या चित्रपटांना नापास करणारी समीक्षा मला म्हणूनच पटत नाही. ती मोजपट्टी त्या प्रेक्षकाच्या घरची नव्हती.

या प्रेक्षकाला ज्यानं आतून ओळखलं तो माणूस म्हणजे भगवान आबाजी पालव, आपले मास्टर भगवान. जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार, वाढले दादर-परळच्या वस्तीत. मूकपटांत उमेदवारी केली, १९३८ साली ‘बहादुर किसान’चं सहदिग्दर्शन केलं आणि पुढची दहा-अकरा वर्षं कामगारवर्गासाठी मारामारीचे स्वस्त चित्रपट काढत राहिले. १९४२ मध्ये ‘जागृती पिक्चर्स’ ही स्वतःची कंपनी, १९४७ मध्ये चेंबूरला स्टुडिओ. कपडे ठरवण्यापासून सेटवरच्या जेवणापर्यंत सगळं स्वतः बघून ते चित्रपट हातावेगळा करत. ६५,००० रुपयांचा आकडा त्यांच्या बाबतीत नेहमी सांगितला जातो. पडद्यावर ते भोळसट, साध्या माणसाचं काम करत आणि हाणामाऱ्या स्वतः करत. १९४९चा ‘भेदी बंगला’ हा त्यांचा गूढपट. नंतर १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला आणि भगवान म्हणजे ‘अलबेला’ असं समीकरण झालं. नाचाची ती सैल, हलकी पावलं सगळ्यांना आठवतात. पण त्या पावलांमागं बारा-तेरा वर्षांच्या हाणामाऱ्यांनी कमावलेलं अंग होतं, याकडे अभ्यासकांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही. प्रकृती बघणारा डॉक्टर जसा चालीवरून जुनं दुखणं ओळखतो, तसं ‘अलबेला’मधल्या नाचात जुने स्टंटपट ओळखता आले पाहिजेत. उडी कुठं मोडून गिरकी केली आहे, हे दिसू लागलं की त्या चित्रपटाची गोडी दुणावते.

भगवानदादांबद्दल लिहिताना एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांनी ललिता पवारांना मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, बरीच वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिका म्हणून त्यांची वाट तिथं संपली. पुढे खाष्ट सासू, मायाळू आई अशा भूमिकांत त्यांनी स्वतःला नव्यानं उभं केलं, ते त्यांचं कर्तृत्व. नादिया टपावर चढते तेव्हा आपण ज्या खरेपणानं भारावतो, त्याच खरेपणानं एका तरुण नटीचा चेहरा बिघडवला. स्वस्त चित्रपटात मारामारीचा तालीम-मास्तर, विमा, डॉक्टर यांवर पैसा नसे. कितीतरी अनाम माणसं पडली, मोडली, आणि त्यांची नावं श्रेयनामावलीतही नाहीत. शिवाय या चित्रपटांनी परक्या पेहरावाच्या माणसाला बिनदिक्कत गुन्हेगार केलं आणि क्लबात नाचणाऱ्या बाईला शेवटी गोळी खायला लावली. हेही दोषच आहेत, आणि यांत मोहिनी शोधू नये. प्रेमानं अभ्यास करायचा म्हणजे हिशेब अर्धा मांडायचा असं नव्हे.

क्लबाचा विषय निघाला आहे, तर या चित्रपटांतल्या सर्वांत श्रीमंत गोष्टीकडे येऊ. प्रत्येक गुन्हेपटात एक नाइट क्लब असतोच. तस्करांची बैठक तिथं, नायकाला जाळ्यात ओढणारी नर्तकी तिथं. भिंती पुठ्ठ्याच्या, दार जोरात लावलं तर शेजारची खिडकी हलते. दोन खांब, एक पडदा, चार टेबलं, आणि त्याच चार टेबलांवरची माणसं पुढच्या प्रसंगात पोलीस म्हणून परत येतात. पण त्या पुठ्ठ्याच्या भिंतीत वाजणारा बँड खरा आहे. गोव्याहून आलेले, हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे कसलेले वादक दिवसा स्टुडिओत बसत. अल्डोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांना मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखे, ते सी. रामचंद्रांच्या संगीतात ट्रंपेट वाजवत. ‘अलबेला’मध्ये ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांची मैत्री फार जुनी. दोघं धडपडत होते त्या दिवसांत, ‘वनमोहिनी’ या १९४१च्या तमिळ चित्रपटापासून हे संगीतकार त्यांच्यासाठी काम करू लागले.

एन. ए. अन्सारी यांचे चित्रपट याच दृष्टीनं ऐकण्यासारखे आहेत. ते स्वतः लिहीत, दिग्दर्शन करत आणि खलनायकाचं काम बहुधा स्वतःकडेच ठेवत. ‘ब्लॅक कॅट’ (१९५९), ‘टॉवर हाऊस’ (१९६२), आणि ‘वहाँ के लोग’ (१९६७), ज्यात गुन्हेगारांबरोबर मंगळावरच्या माणसांचाही संशय येतो. ‘ब्लॅक कॅट’चं संगीत गोव्याच्या दत्ता नाईकांचं, म्हणजे एन. दत्ता यांचं, ‘टॉवर हाऊस’चं रवी यांचं. चित्रपट विस्मरणात गेले, गाणी अजून आकाशवाणीवर लागतात. याची कारणमीमांसा अशी करता येईल: भिंत उभारायला रोज पैसा लागतो, पण गाणं दोन-चार तासांत ध्वनिमुद्रित होऊन जायचं आणि त्या तासांत मुंबईतला सर्वोत्तम वादक गरीब निर्मात्यालाही परवडायचा. ज्यांना सिनेमाच्या अर्थकारणात रस आहे त्यांनी या धाग्याचा पाठपुरावा करावा. कानानं श्रीमंत आणि डोळ्यानं गरीब असा सिनेमा आपल्याकडे का झाला, याचं उत्तर मला तिथं दिसतं.

मराठीतली स्थिती निराळी. त्या काळचा मराठी चित्रपट सगळाच कमी पैशातला. तिथं स्वस्त आणि महाग असे दोन भाग पडतच नव्हते. म्हणून मराठी रहस्यपट स्टंटबाजीत शिरले नाहीत. त्यांनी घर, वाडा, कोर्ट एवढ्यात गोष्ट मावली पाहिजे असं बंधन घालून घेतलं आणि सगळा भार माणसांच्या चेहऱ्यावर टाकला. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) हा याचा उत्तम नमुना. गोष्ट जयंत देवकुळे यांची. वकिलाची बायको वारली आहे. तिच्यासारखीच दिसणारी एक बाई गुन्हेगार म्हणून कोर्टात उभी राहते आणि म्हणते, मीच तुमची बायको. भावना यांची दुहेरी भूमिका आणि वकील काशीनाथ घाणेकर.

घाणेकर आमच्या चिपळूणचे. पेशानं दंतवैद्य, रंगभूमीवर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मधले संभाजी. नाटकात ज्या आवाजानं ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचत, तो आवाज कॅमेऱ्यासमोर आवरून धरताना त्यांना कष्ट पडताहेत हे ‘पाठलाग’मध्ये जाणवतं. एखादं वाक्य ते थिएटर भरलं असल्यासारखं टाकतात आणि समोर तर चार भिंतींची कोर्टाची खोली असते. तंत्राच्या दृष्टीनं हा दोषच. पण ते पात्र वकिलाचं आहे, उलटतपासणी घेताना स्वतःच्याच संसाराची झडती घेणाऱ्या माणसाचं. असा माणूस कोर्टात गरजेपेक्षा मोठ्यानंच बोलेल. नटाची अडचण आणि पात्राची अडचण इथं एक झाली आहे.

राज खोसलांनी हीच गोष्ट १९६६ मध्ये ‘मेरा साया’ म्हणून हिंदीत आणली: साधना, सुनील दत्त, मदन मोहन यांचं संगीत, उदयपूरचा तलाव आणि महाल, आणि रंग. मधल्या वर्षात, १९६५ मध्ये, ती ‘इदय कमलम्’ या नावानं तमिळमध्येही गेली. नवख्या अभ्यासकानं ‘पाठलाग’ आणि ‘मेरा साया’ लागोपाठ बघावेत. पैसा आला की काय येतं आणि काय जातं, हे इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी जोडी मला माहीत नाही. हिंदीत डोळ्याला विसावा आहे, गाणी घरोघर पोचली आहेत. मराठीत कृष्णधवल पडद्यावर त्या बाईच्या चेहऱ्याशिवाय बघायला दुसरं काही नाही, म्हणून ती खरं बोलते की खोटं, हा प्रश्न प्रेक्षकाला अधिक छळतो. मी दोन्ही पाहिले आहेत आणि माझं मत ‘पाठलाग’च्या बाजूनं आहे.

घाणेकरांचा दुसरा चित्रपट इथं घ्यायला हवा: वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६), आशा काळे यांच्यासह. भीतीनं ग्रासलेली तरुण मुलगी, नरसूच्या भुताची दंतकथा, वाड्यातली कारस्थानं. त्याची गाणी सुधीर मोघे यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. हेमंतकुमार आणि आशा भोसले यांनी गायलेलं त्यातलं कोळी ढंगाचं गाणं कोकणात आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. नाचणाऱ्या पोरांना ते एका रहस्यपटातलं आहे हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

छापील रहस्यकथेचा उल्लेख ओघानं येतोच. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हे पडद्यावरच्या नायकांचे सख्खे भाऊ. कापडगिरणीतला वाचक आणि पिटातला प्रेक्षक पुष्कळदा एकच माणूस होता. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. अशा जुन्या वाचनालयांच्या देवघेव नोंदी जिथं शिल्लक असतील तिथं हा संबंध कागदावर तपासता येईल. यापेक्षा जास्त या पुस्तकात त्याबद्दल नाही.

शेवटी साधनांविषयी, कारण उत्साहानं कामाला लागलेला माणूस पहिल्यांदा इथंच अडतो. बघायला चित्रपट आहेत कुठं? १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची होती, ठिणगीनं पेट घेणारी. भगवानदादांच्या बऱ्याच चित्रपटांच्या प्रती गोदामाच्या आगीत गेल्या. जे जळलं नाही ते विकलं गेलं. जुन्या फिल्मवरची चांदी काढून घेण्याचा धंदाच होता. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं. ते ज्यांनी उभं केलं ते पी. के. नायर ‘आलम आरा’च्या शोधात त्याचे दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांच्या घरी गेले, तेव्हा त्या पहिल्या बोलपटाची रिळं चांदीसाठी मोडली गेल्याचं त्यांना समजलं. जिथं ‘आलम आरा’ची ही गत, तिथं परळच्या पिटासाठी काढलेल्या जासूसपटाची रिळं कोण जपणार?

उरतात त्या गाण्यांच्या पुस्तिका. चित्रपटगृहाच्या दाराशी आण्या-दोन आण्याला विकली जाणारी चार-आठ पानं. स्वस्त कागद, मुखपृष्ठावर पिस्तूल किंवा किंचाळणारी बाई, आत नटांची आणि तंत्रज्ञांची नावं, गाण्यांचे शब्द आणि कथेचा सारांश. बहुतेक पुस्तिकांत हा सारांश ऐन मोक्याला तुटतो. शेठजींचा खून झाला, पुतण्याला अटक झाली, बंगल्यात रात्री दिवा दिसतो. आणि मग एक ओळ, पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा. सामाजिक किंवा पौराणिक चित्रपट हरवला तर त्याचा शेवट तर्कानं बांधता येतो, पुराणातला तर ठरलेलाच असतो. गुन्हेपट हरवतो तेव्हा नेमका त्याचा गाभा हरवतो. नावं आहेत, गाणी आहेत, प्रेताची जागा आहे, संशयित आहेत. खुनी मात्र फिल्मबरोबर गेला. अशी उकल न झालेली प्रकरणं या क्षेत्रात ढिगानं पडून आहेत, आणि मला त्यांचं वाईट वाटतं तितकंच त्यांनी झपाटूनही टाकलं आहे.

म्हणून या कामात येणाऱ्यांना दोन विनंत्या. घरातल्या ट्रंका, माळे, दुकानांच्या मागच्या खोल्या उघडा आणि पुस्तिका, जाहिराती, तिकिटांचे तुकडे दिसले तर कोकणच्या दमट हवेत ते वहीच्या कागदात गुंडाळून ठेवू नका. आधी त्यांचं स्वच्छ उजेडात छायाचित्र काढा, मग कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून न घालता ठेवा. टाचणी किंवा स्टेपल गंजलेली असेल तर ओढून काढू नका, तिच्याबरोबर कागद येतो.

दुसरी विनंती अधिक निकडीची. गिरणगावात तरुणपण काढून गावी परतलेली माणसं अजून वाड्यावाड्यांत आहेत. त्यांच्याकडे जा, सवडीनं बसा, त्यांना गोष्ट त्यांच्या पद्धतीनं सांगू द्या आणि मध्ये दुरुस्त करू नका. चित्रपटाचं नाव आठवलं नाही तरी चालेल. कुठल्या थिएटरात बघितला, पाळी कुठली होती, बरोबर कोण होतं, तिकीट किती पडलं, हे विचारा. आणि खुनी कोण निघाला, ते न विसरता लिहून घ्या.